बिनआवाजी दाजी

आमचे दाजी घरात आलेले कुणाला कळत नाही. ताईचं लग्न ठरायच्या वेळी ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. ती वळली तर दारात एक उंच माणूस उभा. आईच्या हातातला डबा पडला आणि घरभर आवाज झाला. दाजींनी डबा उचलला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवला. ठेवल्याचा आवाज झाला नाही. ते बाहेर जाऊन बसल्यावर आई म्हणाली, "मुलगा चांगला दिसतोय. पण याच्या गळ्यात घंटा बांधा."

तेव्हा सगळे हसले. आईचं ऐकायला हवं होतं, असं मला पुढे बऱ्याचदा वाटलं.

दाजी नाट्यगृहात रंगमंचामागे काम करतात. त्यांचं काम प्रेक्षकांना दिसत नाही, आणि दिसलं तर ते चुकलं असं समजायचं. एक प्रवेश संपतो, दिवे जातात, प्रेक्षक खोकून घेतात, दिवे येतात. तेवढ्या खोकण्यात बैठकीच्या खोलीचं कोर्ट झालेलं असतं. ते करणारे दाजी. काळा शर्ट, काळी पँट, पायात कापडी बूट. नाट्यगृहातले लोक त्यांना बोकेकाका म्हणतात. बोका चालण्यामुळे आणि काका वयामुळे. दूध पिऊन पसार झाल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी केलेला नाही, माझ्याशिवाय.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, दोर, बिजागऱ्या, चिकटपट्ट्या. मेहुणा दुकानदार आणि दाजी गिऱ्हाईक, हे नातं कसं निभतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दाजी चिकटपट्टीचं रीळ उचलतात, कानाशी नेतात, थोडी पट्टी ओढतात आणि परत ठेवतात. "ही ओरडते," म्हणतात. मी म्हणतो, "दाजी, पट्टीनं चिकटायचं असतं, गायचं नसतं." ते दुसरं रीळ उचलतात. दुकानातली सगळी रिळं ऐकून झाली की पहिलंच घेऊन जातात.

नाटकवाले त्यांना माझ्या दुकानातच गाठायचे. नाट्यगृहात ते शेजारी उभे असले तरी सापडायचे नाहीत. हौशी मंडळी यायची, कॉलेजची मुलं यायची, एकदा एक दिग्दर्शक स्वतः आला होता. मी स्क्रू मोजत असायचो आणि माझ्या काउंटरवर कोपरं टेकून हे लोक प्रश्न विचारायचे.

"काका, दिवे गेल्यावर आम्हाला काहीच दिसत नाही हो."

"दिवे जायच्या आधी एक डोळा मिटून ठेवायचा. दिवे गेले की तो उघडायचा. त्याला तोवर अंधाराची सवय झालेली असते."

"खुर्ची ठेवताना दणका बसतो."

"पाठीला धरता म्हणून. बसायच्या फळीखाली हात घाला. ठेवताना आधी मागचे पाय, मग पुढचे. चारही एकदम टेकवले की खुर्ची बोलते."

"आणि समोरासमोर दोघं आले तर?"

"रिकाम्या हातानं भरल्या हाताला वाट द्यायची. धावायचं नाही. खिशात किल्ल्या, सुटी नाणी ठेवायची नाहीत."

"पलंग पटकन कसा काढायचा?"

"आधी लेखकाला विचारा, पलंग लागतो का."

"आमचा एक नट आहे, तो हातातली काठी कधी जागेवर आणून ठेवत नाही."

यावर दाजींनी बराच विचार केला. "टेबलावर कागद अंथरा. प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती पेनानं रेघ मारा. कुठली जागा रिकामी आहे ते लांबून दिसतं. तरी आणत नसेल तर पुढच्या प्रयोगाला त्याला काठी देऊ नका. लंगडू दे."

अशी उत्तरं ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. दाजींना उत्तर आलं नाही असा प्रश्न मी ऐकला नाही. दाजींनी कुणाला काही विचारलंय, असंही मी ऐकलं नाही.

ताईचं सगळं उलट. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिचा आवाज तीन वर्गांपलीकडे जायचा. तिच्या शेजारच्या वर्गात भूगोल शिकवणारे मास्तर म्हणायचे, माझी मुलं नकाशात कच्ची राहिली, पण त्यांना पाढे येतात. ताई आणि दाजी, दोघांच्या आवाजाची सरासरी काढली तर एक बऱ्यापैकी शांत घर निघालं असतं. भांडण मात्र एकतर्फी व्हायचं. ताई बोलायची, दाजी ऐकायचे आणि मध्येच ती ज्या माणसाशी बोलतेय तो खोलीत नाही हे तिच्या लक्षात यायचं. तरी त्यांचं बरं चाललं होतं. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी कधी माझ्यासमोर काढलं नाही. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नव्हतं, हे मात्र मला दिसत होतं.

मग ताईचे डोळे गेले. एकदम नाही गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धूसर होत गेलं. फळ्यावर तिनंच लिहिलेला आकडा तिला वाचता येईना, तेव्हा तिनं खडू ठेवला आणि शाळा सोडली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा पडदा खराब झालाय. दाजी लगेच म्हणाले, "दुरुस्त करून घेऊ." पडद्याचं नाव निघालं की त्यांच्या तोंडून हेच बाहेर पडतं. डॉक्टर नाही म्हणाले. परत येताना दाजी माझ्या स्कूटरवर मागे बसले होते आणि मी तीनदा थांबून ते आहेत ना हे वळून पाहिलं.

आता प्रश्न असा होता की ताईनं राहायचं कुठे. दाजींचं काम संध्याकाळचं. जग घरी येतं तेव्हा ते घराबाहेर पडणार. घरी शेगडी, सुऱ्या, दाराबाहेर लगेच जिना, आणि त्यात माझी बहीण एकटी. माझ्या दुकानामागे एक चांगली खोली होती. तिथे दिवसभर कुणी ना कुणी असतं. मी खोलीला रंग काढला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि ताईला सांगायला गेलो.

"मी माझ्या घरात राहणार," ताई म्हणाली. "इथे कुठलं दार कुरकुरतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या घरातल्या सगळ्या दारांना तू तेल घालून ठेवलंयस."

"अगं, पडलीस झडलीस तर?"

"तर मला उचलायला ये."

दाजी खिडकीपाशी उभे होते. म्हणजे असावेत, कारण आवाज तिथून आला. "मी लावतो घर," ते म्हणाले. "इतकी वर्षं माणसं अंधारात आत-बाहेर करतोय. कुणाच्या पायाला खरचटलेलं नाही."

मला ते पटलं नाही, पण गिऱ्हाईक म्हणून मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी पट्ट्या, स्क्रू, दोर आणि सँडपेपर नेला. भिंतीला कमरेच्या उंचीवर दोर ताणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी त्याला एक गाठ मारली, न्हाणीघराशी दोन. पलंग, कपाट आणि मोठं टेबल जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बसवलं. मिठाच्या डब्याला खरखरीत सँडपेपर चिकटवला, साखरेच्या डब्याला मऊ. ताई म्हणाली, "चहा करायचाय मला, सुतारकाम नाही." पण तिनं बोट फिरवलं आणि बरोबर डबा काढला. दोन खुर्च्या, एक लहान टेबल आणि एक स्टूल तेवढं मोकळं ठेवलं, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला काहीतरी हवं. त्यांची जागा मात्र ठरलेली. खुर्ची बोटभर सरकली तरी दाजींना झोप यायची नाही.

मग तालीम. दाजींनी ताईला पलंगापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून दारापर्यंत, पुन:पुन्हा चालवलं. नट कंटाळतो तशी ताई कंटाळली आणि नटाला देतात तशाच शांतपणे त्यांनी तिला सूचना दिल्या. थोड्या दिवसांत ती घरातून अशी वावरायला लागली की नवा माणूस आला तर त्याला कळायचं नाही. मला चहा करून द्यायची आणि कप माझ्या हातात द्यायची, हवेत नाही. मी रंगवलेल्या खोलीचा विषय काढणं बंद केलं. दाजी रोज कामावर जायचे, ताई संध्याकाळभर एकटी असायची आणि काही होत नव्हतं.

जे झालं ते दाजी घरी असताना झालं.

नव्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. त्यात एक अवघड बदल होता. घरातल्या खोलीचं रेल्वे स्टेशन करायचं होतं आणि दिग्दर्शकाला ते इतक्या झटपट हवं होतं की नुसता विचार करायलाही तेवढा वेळ पुरला नसता. दाजींनी दिवसभर तोच बदल पुन:पुन्हा केला, संध्याकाळी सुटी मिळाली म्हणून घरी आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागली. ताई आत चहा करत होती. तेवढ्यात गल्लीतली वीज गेली.

पुढचं मला दाजींनी स्वतः सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. पंखा थांबला. अंधार झाला. दाजी उठले. त्यांनी लहान टेबल उचलून भिंतीला लावलं. दोन्ही खुर्च्या मधोमध पाठीला पाठ लावून ठेवल्या, तो फलाटावरचा बाक. स्टूल स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं, तिथे तिकीट तपासनीस बसतो. मग ते कपाट आणि भिंत यांच्या फटीत जाऊन उभे राहिले आणि दिवे येण्याची वाट पाहू लागले. या सगळ्यात जराही आवाज झाला नाही.

ताईला वीज गेल्याचं कळलंच नव्हतं. कसं कळणार? ती दोन कप घेऊन नेहमीसारखी दारातून बाहेर आली.

दिवे आले तेव्हा रेल्वे स्टेशन बरोबर लागलेलं होतं आणि फलाटावर माझी बहीण पडलेली होती. मनगट मोडलं होतं आणि चहा दंडावर सांडला होता. दाजी फटीत उभे होते. ते म्हणाले की बदल चांगला झालाय असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण ते कधी खोटं बोलत नाहीत.

मी दवाखान्यात त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानात खिळा बोटात घुसल्यावर मी जे बोलतो ते, आणि वर थोडं आणखी. दाजी बाकावर बसून होते. हात मांडीवर, तळवे वर, त्यांचे नसल्यासारखे ठेवलेले. त्यांनी मला अडवलं नाही. अडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ताई प्लास्टर घालून घरी आली, तशी मी तिचे कपडे भरायला लागलो. ती पलंगावर बसली होती. "ते राहू दे," ती म्हणाली. "आधी मला यांना एक विचारायचंय. अहो, कुठे आहात?"

"इथे," दाजी म्हणाले. तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"स्टूल ठेवलंत तेव्हा आवाज का नाही झाला?"

दाजींना हा प्रश्न कळला नाही. "मी ठेवलं ना," ते म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर धपकन वाजलं असतं आणि मी जागच्या जागी थांबले असते. मला दिसत नाही, अहो, पण ऐकू येतं. मला जे काही कळतं ते आवाजानं कळतं. आणि तुमचा आवाजच होत नाही. तुम्ही घरात असता तेव्हा मला वाटतं घरात कुणीतरी आहे आणि कुठे आहे ते मला माहीत नाही." मग म्हणाली, "मला तुमचा राग नाही आला. मला तुमची भीती वाटायला लागलीय. ते मला सोसत नाही."

दाजी तिच्यासमोर खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "मग मी काय करू?"

हातातली ताईची साडी घडी करायची राहून मी तसाच उभा राहिलो. दाजींच्या तोंडून प्रश्न निघालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"आवाज करा," ताई म्हणाली. "पाय वाजवत चाला. काही उचलायच्या आधी सांगा, कुठे नेताय ते सांगा. आणि मी 'उचला' म्हणेपर्यंत हात लावू नका."

"त्याने काय होणार?" मी म्हणालो. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. उजेडात सांगतील, पण दिवे गेले की यांचे हात यांना न विचारता चालतात."

"खरं आहे," ताई म्हणाली. तिला हिशेब चुकलेला चालत नाही, स्वतःच्या विरुद्ध जाणारा असला तरी. "तेच बघायचंय. प्लास्टर निघेपर्यंत मी इथे आहे. अंधारात यांच्यावर भरवसा ठेवता येईल असं मला वाटलं तर राहीन. नाही तर तुझ्याकडे येईन आणि पुन्हा विषय काढणार नाही."

मग दाजी आवाज करायला शिकू लागले. एवढा दयनीय प्रकार मी पाहिला नाही. कापडी बूट काढून त्यांनी जाड तळव्याच्या चपला घेतल्या, पण पाय असे टाकायचे की चपलांनाही बोलायची संधी मिळायची नाही. मी दुकानातून किल्ल्यांचा जुना जुडगा आणून दिला. तो खिशात घालून ते चालले आणि किल्ल्या वाजल्या नाहीत. मी तोच जुडगा माझ्या खिशात घालून चाललो, तर शेजारीण दार उघडून बघायला आली. शेवटी ताईनं त्यांना बसवून सांगितलं की टाच आधी टेकवा, शाळेत मुलं हट्टानं टेकवतात तशी. दाजींनी टाच टेकवली. जिन्याखालचं कुत्रं भुंकलं. ताई म्हणाली, "हं, हे तुम्ही."

बोलणं जरा लवकर जमलं. "अगं, खुर्ची उचलतोय गं. खिडकीकडे नेतोय. जागेवर थांब." मग ताई म्हणायची, "उचला." मगच खुर्ची हलायची. स्टूल, टेबल, पाण्याचा तांब्यासुद्धा. मी चहाला गेलो की दर दोन मिनिटांनी हे चालायचं. माझा स्वतःचा कप ते उचलायला लागले तेव्हाही "अगं, याचा कप उचलतोय गं" आणि आतून "उचला." मी म्हणालो, "माझं पिऊन व्हायचंय." तर तो मुद्दा कुणी विचारात घेतला नाही.

पण हे सगळं उजेडात. मी एकदा गुपचूप जिन्याखाली जाऊन मेन स्विच बंद केला. वर आलो तर अंधारातून दाजींचा आवाज आला, "मेहुणे, मेन स्विचच्या खटक्यात तेल घाला. तुमच्या दुकानात मिळतं." खुर्च्या जागच्या जागी होत्या, पण त्याला काही अर्थ नव्हता. आपली परीक्षा चाललीय हे त्यांना माहीत होतं. ताईलाही ते कळत होतं. वीज खरोखर काही जाईना. आयुष्यभर नको तेव्हा जाणारी वीज त्या सगळ्या दिवसांत एकदाही गेली नाही.

प्लास्टर निघालं. दोन दिवसांनी ताईनं मला बोलावून घेतलं. "येते मी तुझ्याकडे," ती म्हणाली. "यांनी खूप केलं. पण रात्री हे पाणी प्यायला उठले की मी श्वास धरून पडून राहते. असं नाही राहता येत." दाजी तिथेच होते. त्यांनी मान हलवली, आणि ताईला मान हलवलेली दिसत नाही हे लक्षात आल्यावर म्हणाले, "बरं." मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्यावरच खेकसलो. जिंकल्यावर एवढं वाईट वाटेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सामान हलवायचं ठरलं. त्याआधी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. ताई म्हणाली की ज्या स्टेशनावर मी पडले ते एकदा मला ऐकायचंय. मी दोन तिकिटं काढली. आम्ही पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. दाजींना सांगितलं नव्हतं, उगीच त्यांचं लक्ष विचलित व्हायला नको.

नाटक चांगलं रंगलं. ज्या घराचं पुढे स्टेशन होणार होतं, त्या घरातला म्हातारा मुलाची वाट बघत खुर्चीत बसल्या बसल्या मरतो. नट जुना आणि मुरलेला होता. त्यानं मान टाकली आणि सगळं नाट्यगृह गप्प झालं. एकही माणूस खोकला नाही. माझ्या मागे कुणीतरी हुंदका दाबला. दिवे हळूहळू गेले आणि किट्ट अंधार झाला. त्या शांततेत आता दाजी काम करत असतील, असं माझ्या मनात आलं. आणि तेवढ्यात रंगमंचावर कुणीतरी टाच टेकवली. एकदा. परत एकदा. धप्, धप्. आणि अंधारातून मोठ्या, स्पष्ट आवाजात ऐकू आलं:

"अगं, खुर्ची उचलतोय गं. डावीकडे नेतोय. जागेवर थांब."

मला नंतर कळलं की मेलेला नट तोवर अर्धा उठला होता, तो ते ऐकून परत खुर्चीत बसला. जिथे आयुष्यभर त्यांचा श्वाससुद्धा कुणाला ऐकू आला नाही, जिथे त्यांचे हात आपले आपण चालायचे, त्या अंधारात आमचे दाजी बोलले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी परीक्षा घेत नव्हतं, ताई समोर आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाला काही कळायच्या आत माझ्या शेजारून, पाढे म्हणायच्या त्याच खणखणीत आवाजात, ताई म्हणाली:

"उचला."

मग जो हशा झाला तो थांबेना. पुढच्या रांगेतल्या बाई पदर तोंडात कोंबत होत्या, मागे कुणीतरी टाळ्या पिटत होतं, आणि विंगेतून दिग्दर्शक कुणाचा तरी जीव घेणार असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं. दाजींच्या नावाला त्या रात्री जो बट्टा लागायचा तो लागला. मी मात्र हसलो नाही. मी तोंडावर हात घेऊन मुलासारखा रडत होतो आणि ते ताईला ऐकू जाऊ नये म्हणून धडपडत होतो.

दिवे आले. ताईनं माझ्या बाजूला वळून विचारलं, "कुठे लागली खुर्ची?"

"डावीकडे," मी म्हणालो.

"सांगितली तिथेच ना?"

"तिथेच."

ताईनं हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "तुझ्या त्या खोलीत आता खिळ्यांची खोकी भर," ती म्हणाली. "आणि नाक पुसून गप्प बस. मला पुढचं ऐकू दे."